लो-फाय, म्हणजे साध्या सामानावर केलेला कच्च्या आवाजाचा अल्बम करायचाय? आधी रोमन कँडल ऐक

अरे माइक कुठला घेऊ, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) कुठला घेऊ हे नंतर बघ, आधी अमेरिकन गायक एलियट स्मिथचा रोमन कँडल हेडफोन लावून दोनदा ऐक. १९९४ चा त्याचा पहिला सोलो अल्बम, तेव्हा तो पोर्टलंडच्या हीटमायझर बँडमध्ये होता, तिथे सगळा ढणढणाट आणि इथे गडी तळघरात बसून फोर-ट्रॅकवर, म्हणजे चारच ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर, कुजबुजल्यासारखा गातोय. मुळात डेमोच होते ते, नुसती कच्ची रेकॉर्डिंग, कॅव्हिटी सर्च नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने तसेच काढले. चार गाण्यांना तर धड नावही नाही, नो नेम आणि पुढे नंबर, बास!

त्याचा आवाज नीट ऐक, तीच ओळ दोनदा गायलीय म्हणून तो असा भरल्यासारखा वाटतो. तू एकच टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून खाली चिकटवू नकोस, त्याने नुसता आवाज मोठा होतो, खरंच दोनदा गा, थोडं मागेपुढे झालं तर होऊदे, मजा त्यातच आहे. हळू गायचं तर माइक जवळ लागतो पण मग स, च, प कानाला टोचायला लागतात, म्हणून माइक जरा तिरका ठेव. गिटारच्या तारांवर बोटं सरकल्याची किरकिर २०१० च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे आवाज सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीत, साउंड इंजिनिअर लॅरी क्रेनने कमी केली, मला विचारशील तर जुनंच बरं.

आणि प्लगइनने (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टने) मुद्दाम खरखर टाकू नको रे, मी टाकायचो, गाणं कच्चं असायचं ना म्हणून. पंखा मात्र बंद कर रेकॉर्ड करताना.