फायरमनने स्वतः विकत घेतलेला वॉकीटॉकी ड्युटीवर वापरावा का?

तुम्ही अग्निशमन दलात नुकतेच लागलात, स्टेशनवर सेट पुरत नाहीत, म्हणून ऑनलाइन स्वस्तातला वॉकीटॉकी घेऊन त्यात दलाची फ्रिक्वेन्सी भरून घ्यावी का, असं विचारलंय. नका घेऊ. माझी 25 वर्षं याच नोकरीत गेली, म्हणून तळमळीने सांगतोय.

एका गोदामाच्या तळघरात आग होती. आमच्यातल्या एकाने असाच सेट खांद्याला अडकवला होता. बी.ए. सेटचा, म्हणजे पाठीवरच्या श्वासाच्या सिलिंडरचा पट्टा वॉकीटॉकीच्या बोलायच्या बटणावर चढला, बटण दाबलेलंच राहिलं आणि चॅनल अडून बसलं. दलाच्या सेटला वायरलेसवाले टाइमआउट लावून देतात, ठरलेल्या वेळेनंतर सेट आपोआप गप्प होतो. त्याच्या सेटला तो लावलेलाच नव्हता. मी बाहेर पंपावर. चॅनलवर फक्त त्याच्या मास्कमधला श्वास. आत, बाहेर, आत, बाहेर. ब्रँचवरचा, म्हणजे पाण्याच्या पाइपचं तोंड धरलेला माणूस तेव्हा ‘पाणी वाढवा’ म्हणून सेटवर ओरडत होता, हे मला नंतर कळलं. शेवटी एक जण होज, म्हणजे पाण्याचा पाइप, धरत धरत आत गेला आणि त्याने पट्टा सरकवला. सगळे सुखरूप बाहेर आले.

कायदाही आड येतो. आपल्याकडे परवान्याशिवाय चालतात ते वॉकीटॉकी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले. दलाची फ्रिक्वेन्सी दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही वायरलेस परवान्यांची शाखा दलाच्या नावावर देते, तुमच्या नाही. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असला तरी तो हौशी बँडपुरता.

आणि गॅसगळतीची वर्दी आली तर? घरातल्या माणसांना आपण दिव्याचं बटणही दाबू देत नाही. मग खात्री नसलेली बॅटरी खांद्यावर घेऊन आपण आत कसं शिरायचं? अशा जागी ‘इंट्रिन्सिकली सेफ’, म्हणजे गॅस पेटेल अशी ठिणगी न पाडणारा, प्रमाणित सेटच लागतो, बॅटरीसुद्धा त्याचीच.

सेट कमी आहेत ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. स्टेशन ऑफिसरला लेखी द्या: पाळीत माणसं किती, चालू सेट किती, कुठली बॅटरी किती वेळात बसते. तोवर आत जाताना जोडीनेच जा आणि सेटवाल्याला सोडू नका. पाळी सुरू झाली की कंट्रोलला टेस्ट कॉल द्या, तोही हातमोजे ओले करून, घालून. जाड ओल्या मोज्यातून बटण सापडतं का, ते स्टेशनच्या अंगणातच कळायला हवं.