मोबाईलवरची आरोग्याची माहिती वाचून-बघून माणसाचं वागणं खरंच बदलतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना मधुमेह आहे, दिवसभर ते युट्यूबवर त्याचेच व्हिडिओ बघतात, त्यातून चालायची सवय लागली, चहातली साखर सुटली, पण आता ‘गोळ्यांनी किडनी जाते’ असं ऐकून गोळ्या बंद करायच्या म्हणतात. तर ही माहिती उपयोगाची की घातक, आणि त्यांचा फोन काढून घ्यावा का?

फोन काढून घेऊ नका. आणि हो, वागणं बदलतं, आपल्याला वाटतं त्याहून बरंच जास्त. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. लोक घरी काय बघतात ते मला दिसत नाही, पण बघून झाल्यावर काय मागायला येतात आणि काय न्यायचं बंद करतात, ते काउंटरच्या या बाजूने अगदी स्वच्छ दिसतं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवणाची लाट. २०१८ च्या सुमारास ती गावागावांत पोचली. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, दीक्षितांनी ती भाषणांतून मांडली आणि भाषणं युट्यूबवर गेली. खरी भूक लागेल त्या दोनच वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांच्या आत उरका, मधे काही खाऊ नका आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चाला. ‘थोड्या थोड्या वेळाने खा’ म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे चाहते दुसऱ्या बाजूला. लग्नाच्या पंगतीत ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असं विचारलं जायचं. कोण बरोबर, हा वाद इथे नको. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: शेजारच्या लॅबमध्ये माणसं आपणहून ‘फास्टिंग इन्शुलिन’, म्हणजे उपाशीपोटी रक्तातलं इन्शुलिन मोजायची तपासणी, करायला यायला लागली. तोवर ती तपासणी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिली तरच व्हायची. आता किराणा दुकानदार, शिक्षक, एसटीचे कंडक्टर एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा तोंडपाठ सांगत होते. आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या पोस्टर्सनी हे इतक्या वर्षांत साधलं नव्हतं.

का साधलं? सल्ला मराठीत होता, देणारा माणूस सरकारी मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक होता, आणि विकत काही घ्यायचं नव्हतं. दोन आणि पंचावन्न हे आकडे लक्षात राहण्यासारखे होते. ‘संतुलित आहार घ्या’ ऐकून कुणी ताटातली पोळी कमी करत नाही, ‘दोनदाच जेवा’ ऐकून करतं. शिवाय ग्रुपवर रोज कुणीतरी वजनकाट्याचा फोटो टाकायचा. आपलं वजन तिथेच राहिलं तर लाज वाटायची. निव्वळ माहितीपेक्षा या लाजेने आणि सोबतीने जास्त काम केलं, असं माझं मत.

घोळ पुढे होतो. भाषण तासाभराचं असतं, त्यात आधी तपासण्या करून घ्या वगैरे सांगितलेलं असतं. फॉरवर्डमध्ये त्याच्या पाचसहा ओळी उरतात आणि पहिल्यांदा अटी गळतात. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाने डोस तोच ठेवून अचानक जेवणं कमी केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळल्यासारखं बोलतो. असे काका आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले मी पाहिलेत, ग्लुकोजची पुडी फोडून द्यावी लागते. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीवर असलेल्याला हा धोका फारच कमी. पण कोण कुठल्या गोळीवर आहे, हे फॉरवर्ड करणाऱ्याला कुठून माहीत असणार?

म्हणून माझा एक अंदाज आता पक्का झालाय. माणसाने नवीन काय सुरू केलं यावर फार डोकं लावू नये, त्याने काय बंद केलं ते शोधावं. मेथीदाण्याचं पाणी, जांभळाच्या बियांची पावडर, ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली नेणाऱ्याची मला फारशी चिंता नसते. चिंता असते ती दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा माणूस येईनासा होतो तेव्हा. तो भांडत नाही, विचारत नाही, डॉक्टरांनाही सांगत नाही. नुसता येत नाही.

सगळ्यात आधी सुटते ती कोलेस्टेरॉलची गोळी. ती घेतल्याने बरं वाटत नाही आणि सोडल्याने लगेच काही होत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्धचा एक व्हिडिओ पुरतो. ऑस्ट्रेलियात हे मोजलं गेलंय. तिथे २०१३ मध्ये सरकारी वाहिनीवरच्या एका विज्ञान-कार्यक्रमाने स्टॅटिन, म्हणजे याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर, संशय घेणारे दोन भाग दाखवले. नंतर संशोधकांनी औषध-विक्रीच्या नोंदी तपासल्या, तर अपेक्षेपेक्षा सुमारे ६०,००० कमी लोक ती औषधं घेत असल्याचा अंदाज निघाला. वाहिनीने पुढे ते भाग काढून टाकले, पण गेलेलं गिऱ्हाईक म्हणून परत येतंच असं नाही. तो टीव्ही होता. आपल्याकडे तेच काम तीस सेकंदांची रील करते, आणि तिची नोंद कुणी ठेवत नाही.

याच गोळ्यांबद्दल आणखी एक गंमत आहे, जी मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. ‘ही घेतली की अंग दुखतं’ म्हणून ज्यांनी स्टॅटिन सोडली होती, अशा साठ जणांवर इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली, काही महिने काहीच नाही. घेतोय ती गोळी खरी की खोटी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला! दुखणं खोटं नव्हतं, दुखतच होतं. पण त्याचं बरंचसं कारण गोळीत नव्हतं, गोळीबद्दल मनात बसलेल्या धास्तीत होतं. म्हणजे वाचलेली माहिती नुसती सवय बदलत नाही, ती थेट अंगात उतरते. (हे सगळ्यांच्याच अंगदुखीला लागू नाही. स्टॅटिनने स्नायूंना खरा त्रास होणारेही असतात, त्यांनी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.)

तुमचे वडील शोधतात कसं, हेही एकदा शेजारी बसून बघा. ‘मेटफॉर्मिनचे दुष्परिणाम’ टाकलं की दुष्परिणामच समोर येणार. त्यातला एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की युट्यूब तसलेच आणखी दहा पुढे ठेवतं, आणि आठवडाभरात माणसाला वाटतं की सगळं जग हेच म्हणतंय. प्रश्न भीतीतून टाइप केलेला असतो, त्यामुळे उत्तरही भीतीचंच मिळतं. ‘मेटफॉर्मिन आणि किडनी, कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये’ असं टाकून बघा, वेगळीच पानं निघतील.

आणि खरं सांगायचं तर गूगलवर वाचून गोळी बंद करणारे कमीच. भाऊजींनी पाठवलं, वर्गमित्राने पाठवलं, म्हणून बंद होते. विश्वास माहितीवर नसतो, पाठवणाऱ्यावर असतो, आणि ज्याला खोटं पसरवायचंय त्याला हे बरोबर कळतं. ‘गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो’ हा मेसेज परळच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावावर फिरला. हॉस्पिटलला खुलासा करावा लागला. मेसेज माझ्याकडे अजून येतो, खुलासा कुणी कधी पाठवला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर हळद, कडुनिंब, साखरबंदी अशा आहाराने गेला असं सांगितलं, तेव्हा टाटाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून पत्रक काढलं की उपचार थांबवू नका. नंतर सिद्धूंनीही, जे केलं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने केलं, असा खुलासा केला. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालीच होती. पण व्हिडिओत लोकांच्या लक्षात राहिली हळद.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन अख्ख्या आळीतले लोक तीच औषधं मागायला यायचे. रोगी वेगळा, वजन वेगळं, चिठ्ठी एकच. पण दोष फक्त व्हॉट्सॲपला कसा द्यायचा? २०२१ च्या मे महिन्यात गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलं होतं. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही कोविडसाठी ते वापरू नका म्हणत होती.

आता तुमच्या वडिलांचं. ‘गोळीने किडनी जाते’ हे उलटं बसलेलं सत्य आहे. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि रक्तदाब किडनी खराब करतात. किडनी आधीच बरीच कमजोर झाली असेल, तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात किंवा ती थांबवतात. किडनी किती काम करते ते सांगणारा ईजीएफआर नावाचा आकडा ३० च्या खाली गेला की ती देत नाहीत. किडनी गेली म्हणून गोळी थांबली, आणि ऐकणाऱ्याने समजून घेतलं की गोळीने किडनी गेली. रक्ताच्या साध्या तपासणीत हा आकडा कळतो. ती करून घ्या, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

दुसरं, ‘मधुमेह परत फिरू शकतो’ असं ते म्हणत असतील तर त्यांना खोडून काढू नका, कारण त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या टाइप-टू मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला, आणि वर्षाअखेर त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. त्यांच्या गोळ्या तर पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या. पण बंद केल्या डॉक्टरांनी, ठरवून, पुढच्या तपासण्यांच्या तारखा हातात देऊन. तुमचे वडील चालायला लागलेत, साखर सोडलीय, म्हणजे डोस कमी होण्याची शक्यता त्यांनी स्वतःच निर्माण केलीय. हे त्यांना याच शब्दांत सांगा, कुणी कौतुक केलेलं नसणार.

डॉक्टरांवर माझा थोडा राग आहे, तोही नोंदवतो. ‘गूगल करून आलात का?’ असं हसून विचारलं की माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो आणि घरी जाऊन आणखी गूगल करतो. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात. युट्यूबवरचा माणूस तासभर बोलतो, तोही आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. मग माणूस कुणाचं ऐकणार?

तेव्हा पुढच्या भेटीला तुम्ही सोबत जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पावडरी आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घ्या. अलीकडचा एचबीए१सीचा रिपोर्ट न्या. तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून कालच्या उपवासाने फसत नाही. वडिलांना सगळ्यात जास्त पटलेला व्हिडिओ फोनवर काढून ठेवा आणि डॉक्टरांना त्यांच्या देखत विचारा: या पिशवीतली कुठली गोळी साखर एकदम खाली नेऊ शकते, आणि एचबीए१सी किती आला तर पहिली कोणती कमी कराल? तो आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.