रेखाचित्र की रेखाटन? आणि जाता जाता ‘हजर’

प्रश्न असा आहे : पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिसानेल्लो याच्या चित्राखाली ‘पोपच्या दरबारात हजर झालेल्या बायझंटाईन सम्राटाचे पेनने काढलेले रेखाचित्र’ अशी ओळ द्यायची आहे. ‘रेखाचित्र’ चालेल की ‘रेखाटन’ हवे?

मी ‘रेखाटन’ घेईन. ‘रेखाचित्र’ म्हटले की रेषांनी पुरे केलेले चित्र डोळ्यांपुढे येते. पोलीस संशयिताचे जारी करतात ते रेखाचित्रच. ‘रेखाटन’मध्ये मात्र काढण्याची क्रियाही आहे, समोर दिसले ते हात चालवून कागदावर उतरवले, हा भाव त्यात टिकतो. हा भेद काटेकोर नाही, हेही खरे. दिवाळी अंकांतली ‘रेखाटने’ पूर्ण झालेलीच असतात.

पण इथे तो भेद उपयोगी पडतो. 1438 साली कॉन्स्टँटिनोपलचा (आजचे इस्तंबूल) बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जॉन आठवा पॅलिओलोगस ग्रीक आणि रोमन चर्चच्या ऐक्यासाठी भरलेल्या धर्मपरिषदेला इटलीतल्या फेराराला आला, तेव्हा पिसानेल्लोने त्याला आणि त्याच्या लवाजम्याला टिपून घेतले. यातले एक पान पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, एक शिकागोत. शिकागोच्या पानावर सम्राटाबरोबर एक मठवासी आणि तलवारीचे म्यानही आहे. चित्रकाराने टोपीचे, कपड्यांचे रंग शब्दांत नोंदवले. लूव्रच्या पानावर तर वस्त्रावरची अरबी अक्षरेही उतरवून घेतली. पुढे त्याने सम्राटाचे पदक घडवले, त्यासाठीचा हा साठा. ‘टिपण’ म्हटले तरी शोभेल, पण चित्राखालच्या ओळीत वाचक गोंधळेल.

‘पेनने’ हा शब्द गाळा. आज पेन म्हणजे खिशातले. ‘बोरू’ही नको, तो गवताच्या पोकळ काडीचा; युरोपात तेव्हा पिसाची लेखणी चाले. ‘लेखणी आणि तपकिरी शाई’ एवढे पुरे.

माझी खरी हरकत ‘हजर’ला आहे. मराठीत हजर होतो तो नोकर, आरोपी किंवा मांडलिक. सम्राट तुर्कांविरुद्ध मदतीच्या आशेने आला होता, गरजवंत होता. पण पोपचा मांडलिक नव्हता. ग्रीक मंडळी या बाबतीत किती हळवी होती पाहा : त्याच्याबरोबर आलेले कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे ग्रीक चर्चचे प्रमुख धर्मगुरू, जोसेफ दुसरे यांनी पोपच्या पायाचे चुंबन घ्यायला साफ नकार दिला, आणि पोप युजीन चौथे यांना माघार घ्यावी लागली. ज्या भेटीत पायाला ओठ लावण्यावरून एवढा वाद झाला, तिथे ‘हजर’ लिहिणे म्हणजे एका बाजूचा निकाल देऊन टाकणे. ‘दर्शनाला आलेल्या’सुद्धा त्याच कारणाने नको.

ओळ अशी करा : ‘पोप युजीन चौथे यांच्या भेटीसाठी फेराराला आलेला सम्राट जॉन आठवा. रेखाटन : पिसानेल्लो, लेखणी व तपकिरी शाई, 1438.’ ‘दरबार’ गळला तरी बिघडत नाही. पोपचा दरबार त्या वेळी परिषदेमुळे फेरारातच होता.