‘तुमची कोण?’ या प्रश्नाला उत्तर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समलिंगी विवाहाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 17 ऑक्टोबर 2023 चा निकाल विरोधात गेला, 9 जानेवारी 2025 ला पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. आता तुम्ही दोघींनी परदेशात जाऊन लग्न करावं, एखाद्या देवळात हार घालावेत, की संसद कायदा करेपर्यंत थांबावं, असं तू विचारलं आहेस. तीन पर्याय मांडलेस, पण दवाखाना, बँक आणि घर यांचा पत्रात उल्लेखही नाही. मी तिथेच अडले.

आधी हे तिन्ही पर्याय संपवू. थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून विवाह होतात, तैवानमध्ये 2019 पासून होतात. तिथलं प्रमाणपत्र तिथे खरं आहे. पुण्यात परतल्यावर त्यावर कुणी तुम्हाला वारस मानणार नाही. देवळातल्या लग्नात गुन्हा काही नाही, आनंदासाठी जरूर करा, पण फोटो हा दस्त नसतो. आणि 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘विवाह करार’ नोटरी करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठव. नोटरी लग्न लावू शकत नाही, स्त्री-पुरुषांचंही नाही.

राहिलं थांबणं. याचा मला राग येतो, म्हणून स्पष्टच लिहिते. विवाह हा मूलभूत अधिकार नाही आणि विशेष विवाह कायदा, 1954 न्यायालय नव्याने लिहू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. मतभेद पुढच्या मुद्द्यांवर झाला. सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळण्याचा अधिकार आहे का आणि अशा जोडप्याला एकत्र दत्तक घेता यावं का, यावर 3 विरुद्ध 2 असा निर्णय लागला. म्हणजे दार संसदेच्या बाजूने उघडायचं आहे. ते कधी उघडेल याची तारीख कुणाकडे नाही. तुझ्या जोडीदाराचं अपेंडिक्स मात्र तारीख विचारून फुटणार नाही.

माझं सांगणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे. खिडकीपलीकडचा माणूस विचारेल, ‘तुमची कोण?’ तिथे नातं पटवत बसू नकोस. नात्यावर अवलंबून नसलेला अधिकाराचा कागद पुढे कर.

सुरुवात मृत्युपत्रापासून. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 15 प्रमाणे अविवाहित, मूल नसलेल्या स्त्रीची मालमत्ता आईवडिलांकडे जाते आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. त्या यादीत तुझी जोडीदार कुठेच नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, कारण उद्या भाऊ ‘सही खोटी आहे’ म्हणेल तेव्हा नोंदणी उपयोगी पडते. दोन साक्षीदार लागतात आणि तू सही करताना दोघांनी पाहायला हवं. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदार तुझ्यापेक्षा वयाने लहान आणि सापडतील असे निवड. पुढे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर जिवंत साक्षीदाराला उभं करावं लागतं आणि सत्तर वर्षांचे काका तेव्हा असतीलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडून शुद्धीत असल्याचा दाखला घे.

दोघींनी मिळून एकच मृत्युपत्र करू नका. प्रेमाने करावंसं वाटतं, पण एक गेल्यावर दुसरीला ते बदलता येतं का, या वादात वर्षं जातात. दोन स्वतंत्र कागद करा. स्वकष्टार्जित काय आणि वडिलोपार्जित हिस्सा कुठला, हे वेगळं लिही. फ्लॅटचा क्रमांक, डीमॅट खातं, दागिन्यांचं वजन, सगळं नोंदव. ‘माझं सर्व काही’ एवढ्यावर भागत नाही.

आता नॉमिनी. ऑगस्ट 2024 मध्ये वित्त मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला काही बंधन नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. हे वापरा. पण इथे जवळजवळ सगळेच फसतात. नॉमिनी मालक नसतो. तो पैसे स्वीकारणारा हात असतो, मालकी वारसाची. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. नुसतं नॉमिनी करून थांबलीस, तर बँक तिच्या हाती रक्कम देईल आणि तुझे नातेवाईक तिच्याकडून ती कोर्टातून काढून घेतील. नॉमिनी आणि मृत्युपत्र, दोन्हीत एकच नाव हवं.

प्रॉव्हिडंट फंडाचा नियम वेगळा आहे. तिथे ‘कुटुंब’ असेल तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचं नामांकन बाद ठरतं आणि अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात मोडतात. तुझे आईवडील स्वतःच्या पेन्शनवर जगत असतील, तर नियमाच्या भाषेत तुला कुटुंब नाही आणि तू तिचं नाव देऊ शकतेस. अवलंबून असतील तर देऊ नकोस. बाद नामांकनापेक्षा तेवढ्याच रकमेचा स्वतःच्या जिवावरचा मुदत विमा आणि त्यात तिचं नाव, हा मार्ग बरा.

दवाखान्याबद्दल सावकाश लिहिते, कारण इथे गैरसमज फार आहेत. मुखत्यारपत्र दिलं की झालं, असं तू लिहिलं आहेस. नाही. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, मृत्यूनेही संपतं. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा ते हातात उरत नाही. बँकेच्या रोजच्या कामांसाठी ते ठेव, आयसीयूच्या दारात त्यावर विसंबू नकोस.

आयसीयूसाठी जिवंत इच्छापत्र (लिव्हिंग विल), म्हणजे पुढे स्वतः बोलता आलं नाही तर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि जानेवारी 2023 मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही, आणि उपचारांबाबत निर्णय घेणाऱ्यांची नावं. एकाहून अधिक नावं देता येतात, पहिलं तिचं दे. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा कर आणि पोच घे. गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे 2024 मध्ये स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं, तेव्हा हा कागद कुणा विक्षिप्ताचा नाही. पण त्याची मर्यादा लक्षात ठेव. बरं होण्याची आशा नसताना उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, एवढ्यापुरताच तो आहे. साध्या शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी वेगळं अधिकारपत्र लिही: माझी माहिती हिला द्यावी, मला भेटू द्यावं, मी बेशुद्ध असल्यास हिच्याशी बोलावं. कायद्याने दवाखाना त्याला बांधील नाही, पण आधीच फाइलमध्ये लागलेलं पत्र ऐनवेळच्या वादापेक्षा कितीतरी जास्त चालतं.

मानसिक आरोग्यासाठी मात्र कायदा पक्का तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 14 खाली कुठलीही सज्ञान व्यक्ती ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणून, म्हणजे मानसिक आजारात उपचारांच्या निर्णयात साथ देणारी व्यक्ती म्हणून, नेमता येते. साधा कागद आणि सही पुरते, नात्याची अट नाही. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही दोघींनी ते केलेलं नाही, हे मला पटत नाही.

घर. भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करारात दोघींची नावं घाला आणि तो नोंदवा. एका पत्त्यावर राहत असल्याचा तो चांगला पुरावा होतो आणि रेशनकार्डासाठी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असं केंद्राने राज्यांना कळवलेलंच आहे. विकत घ्याल तर पहिल्याच खरेदीखतात दोघींची नावं आणि हिश्श्यांची टक्केवारी लिहा. ‘नंतर तिच्या नावावर करू’ हे महागात पडतं. महाराष्ट्रात राहतं घर पतीला, पत्नीला किंवा मुलांना बक्षीसपत्राने देताना 200 रुपये मुद्रांक शुल्क लागतं, तुम्हाला पूर्ण दराने भरावं लागेल. शिवाय आयकर. जोडीदार कायद्याने नातेवाईक नसल्यामुळे वर्षभरात 50,000 रुपयांहून जास्त भेट मिळाली की सगळी रक्कम करपात्र होते. या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात 2025 मध्ये एका समलिंगी जोडप्याने आव्हान दिलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत आपापला हप्ता आपापल्या खात्यातून भरा. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेला हा कर लागू नाही, हेही कागदाच्याच बाजूचं आहे.

घरचे पोलिसांत ‘हरवली आहे’ अशी तक्रार देतील, ही तुझी भीती खोटी नाही. ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने इथे राहते’ असं लेखी निवेदन तुमच्या ठाण्यात आधीच देऊन पोच घे. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अशा प्रकरणात न्यायालयाने मुलीची इच्छा तिच्याकडूनच, एकांतात जाणून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करू नये. तो निकाल छापून फाइलमध्ये ठेव.

तू विचारशील, हे सगळं म्हणजे लग्नाचा हक्क सोडून देणं नाही का? चळवळीतली काही माणसं मला हेच विचारतात आणि त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम 377 चा निकाल आला तेव्हा आम्हा वकिलांचं सगळं लक्ष पुढच्या मोठ्या याचिकेकडे गेलं. कलम 14 चा तो साधा कागद तेव्हाही कायद्यात होता, आणि आम्ही तो घराघरांत पोचवला नाही. आम्ही माणसांना आशेवर ठेवलं. ही चूक माझीही आहे. म्हणून आता मी कुणाला ‘थांब’ म्हणत नाही. लग्नाची मागणी कर, सह्या गोळा कर, खासदाराला लिही, मोर्चाला जा. डझनभर कागद मिळून जे होतं ते लग्न एका सहीत करतं, हा भेदभाव आहे आणि तो मोडलाच पाहिजे. मोडेपर्यंत तुम्ही दोघी उघड्यावर राहू नयेत, एवढाच माझा हट्ट आहे.

कागदांनी भरून न निघणारी जागाही तुला माहीत हवी. मूल दत्तक घेतलं तर कायद्याने ते एकीचंच असेल, दुसरी पालक म्हणून गणली जाणार नाही. तिथे मृत्युपत्रातून पालक नेमणं एवढंच हाती आहे. आणि मृतदेह ताब्यात देण्याबद्दल आरोग्य मंत्रालयाने 2024 मध्ये राज्यांना लिहिलं, पण त्यातही जोडीदाराचा नंबर जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हाच लागतो. अंत्यसंस्काराची इच्छा मृत्युपत्रात नको, ते उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. वेगळ्या कागदावर लिहून तिच्याजवळ ठेव. भावंडांपैकी जो तुमच्याशी बोलतो त्यालाही एक प्रत दे.

मृत्युपत्राचा कच्चा मसुदा दोघींनी वेगवेगळा लिहून पुढच्या रविवारपर्यंत मला पाठवा. मालमत्तेची यादी अपुरी असली तरी चालेल. साक्षीदारांची नावं मात्र ठरवून ठेवा, त्यांचा पत्ता आणि आधार क्रमांक लागेल. कलम 14 चा कागद आज रात्रीच करा.

तुझी,
मावशी