कानकूनवरून हवाना? आधी शिक्का बघा

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी तो नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे. मी एच-१बीवर आहे. मुदत वाढवून मिळाली आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. त्याला चाळिसावा वाढदिवस हवानात करायचाय. अमेरिकेतून क्युबाला पर्यटनासाठी जाता येत नाही म्हटलं, तर म्हणतो, "आपण कुठे अमेरिकन आहोत? मेक्सिकोतल्या कानकूनवरून जाऊ. मित्र जाऊन आलेत, कोणी विचारत नाही." मी नको म्हटलं की मी भित्री. रोज यावरून वाजतंय. काय करू?
— अडकित्त्यातली सुपारी

उत्तर :

भित्री नाहीस तू, पण तुमचा वाद चुकीच्या मुद्द्यावर चाललाय. निर्बंधातून सरळ, कायदेशीर वाट निघते. अडचण आहे ती तुझ्या संपलेल्या शिक्क्याची, आणि त्याबद्दल तुमच्यात कोणी बोलतच नाहीये.

आधी "आपण कुठे अमेरिकन आहोत" याचं बघू. हे निर्बंध पासपोर्टचा रंग बघत नाहीत. १९६३ सालची ही नियमावली ट्रेझरी खात्याचं ओफॅक हे कार्यालय राबवतं. तिच्या कक्षेत नागरिक येतात, ग्रीन कार्डवाले येतात (जगात कुठेही असोत) आणि अमेरिकेच्या भूमीवर असलेला प्रत्येक जण येतो. म्हणजे तुझा नवरा कानकूनच्या विमानतळावर उभा राहिला तरी कक्षेतच. त्याचा पुण्याचा चुलतभाऊ माद्रिदमार्गे हवानाला गेला, तर त्याला यातलं काही लागू नाही. भारत सरकारची क्युबाला जायला आडकाठी नाही.

"कोणी विचारत नाही" हेही अर्धंच खरं. दंडाची कमाल मर्यादा एका उल्लंघनामागे १ लाख डॉलरच्या वर आहे, पण साध्या प्रवाशाला दंड क्वचितच होतो. मात्र नवऱ्याला नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरायचाय. त्यात मागच्या ५ वर्षांतले २४ तासांपेक्षा जास्त काळाचे सगळे परदेश प्रवास देशांच्या नावांसह लिहावे लागतात. क्युबा लिहिलं तर कोणत्या आधारावर गेलात हे सांगावं लागेल, गाळलं तर सरकारी अर्जात खोटी माहिती. शिवाय मेक्सिकोत दोनदा प्रवेश केल्याच्या नोंदी राहतात, त्या वेगळ्याच. सहल एका आठवड्याची आणि घोर वर्षभराचा, हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

आता तुझं. एच-१बीचा शिक्का संपला असेल, पण आय-९४ (अमेरिकेत किती दिवस राहता येईल याची नोंद) वैध असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून त्याच कागदांवर परत येता येतं. कदाचित मित्रांचा भरवसा यावरच असेल. ही सवलत क्युबाला नाही. मधे हवाना आलं की ती गेली, मग परतायला नवा शिक्का हवा. तो हवानात मिळेल अशी आशा धरू नकोस. २०२५च्या सप्टेंबरपासून अशा व्हिसाची मुलाखत आपल्या देशात किंवा जिथे राहतो तिथे द्यावी, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा नियम आहे. म्हणजे तुला थेट मुंबई गाठावी लागेल, आणि तारीख मिळेपर्यंत नोकरी अधांतरी. भरीला भर, वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही, शिक्का संपलेल्याला लागतो. नवरा ग्रीन कार्डावर आत जाईल आणि तू चेक-इनच्या काउंटरवरच अडकशील.

तेव्हा क्रम असा ठेव : पुढच्या भारतवारीत स्टॅम्पिंग, त्यानंतर क्युबा. आणि तेही चोरवाटेने नाही. परवानगीच्या १२ श्रेणी आहेत. तुमच्यासारख्यांना बसते ती 'क्युबन जनतेला आधार' ही. तिच्यासाठी अर्ज नाही, फी नाही. मायामी किंवा टँपाहून विमानाचं तिकीट काढताना श्रेणी निवडायची, बस. पण ती निवडली म्हणजे रोजचा पूर्ण दिवस त्यात घालवणं आलं. खासगी घरात (तिथे 'कासा पार्तिकुलार' म्हणतात) राहणं आणि खासगी खानावळीत (पालादार) जेवणं हा पाया झाला. नुसतं तेवढं पुरत नाही. त्यावर रोज स्थानिकांशी खरा संबंध येईल असं काही हवं : स्वतंत्र चित्रकाराचा स्टुडिओ, एखाद्या घरात स्वयंपाकाचा किंवा साल्साचा वर्ग, विन्यालेसमध्ये शेतकऱ्याबरोबर तंबाखूच्या शेतात दिवस. वारादेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर लोळत काढलेले तीन दिवस यात बसत नाहीत. वेळापत्रक आधीच कागदावर मांडा : तारीख, वेळ, ठिकाण, कोणाकडे. परतल्यावर पावत्यांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. या नोंदी ठेवायची मुदत २०२५च्या मार्चपासून ५ वरून १० वर्षांवर गेली आहे.

राहण्याची जागा बुक करण्याआधी परराष्ट्र खात्याच्या दोन याद्या बघा. एक राहण्यासाठी निषिद्ध जागांची, दुसरी ज्यांच्याशी थेट व्यवहार करायचा नाही अशा संस्थांची. दुसरीत क्युबन लष्कराच्या मालकीचे उद्योग आहेत, अगदी 'त्रोपीकोला' हे शीतपेयसुद्धा. याद्या आणि नियम वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं की बदलतात, त्यामुळे मित्राने कधी काळी काय केलं ते विसरा आणि तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा वाचा. क्युबाचा ई-व्हिसा आणि प्रवासाच्या आधीच्या ७ दिवसांत भरायचा 'डी-वियाहेरोस' हा ऑनलाइन फॉर्म, दोन्ही लागतात.

पैसे सगळे रोख न्या. अमेरिकी बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत, एटीएमवरही नाही. हिशेबाच्या दीडपट डॉलर, सुट्ट्या आणि कोऱ्या नोटांत. फाटकी नोट कोणी घेत नाही. ऑफिसचा लॅपटॉप घरी ठेवा. क्युबातून लॉगिन झालं की कंपनीच्या सुरक्षा विभागात घंटा वाजते, बँकेचं अ‍ॅपही कुलूप लावून बसतं. वीज जाते, आणि तासभरासाठी नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अख्ख्या देशाचं ग्रिड कोसळलं होतं. टॉर्च, पॉवर बँक आणि रोजची औषधं इथूनच. शाकाहारी असाल तर काळ्या घेवड्याचा भात मागताना डुकराची चरबी घातलीय का ते विचारा. परतताना सिगार आणि रम आणायची नाही, २०२०च्या सप्टेंबरपासून बंदी आहे. पुस्तकं, चित्रं, संगीताच्या सीडी चालतात.

नवऱ्याशी बोलताना "मला भीती वाटते" म्हणू नकोस, तो तिथेच अडून बसेल. शिक्क्याची तारीख आणि एन-४००चं प्रवासाचं पान, दोन्ही समोर ठेव आणि विचार, "मी परत कशी येऊ, ते सांग." त्याला एकट्याला या श्रेणीत आत्ताही जाता येईल. पण चाळिशी बायकोशिवाय करायची का, हे त्याने ठरवावं.

वाढदिवस याच वर्षी आणि दोघांनी मिळून करायचा असेल, तर प्वेर्तो रिकोचं सान हुआन बघा. जुनी स्पॅनिश गल्ली, समुद्रावरचा एल मोरो किल्ला, साल्सा, सगळं आहे. अमेरिकेचाच प्रदेश असल्याने शिक्क्याचा प्रश्न येत नाही. नेवार्कहून थेट विमान आहे. पासपोर्ट, आय-९४ आणि आय-७९७ (मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र) जवळ असू दे, विचारपूस होऊ शकते. येताना तिथल्या विमानतळावर शेतीखातं सामान तपासतं, तेव्हा आंबे तिथेच खाऊन घ्या.