पावसाळी ट्रेकसाठी रेनकव्हर घ्यावे की वॉटरप्रूफ सॅक?

आपण विचारले आहे की, जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाताना सॅकला रेनकव्हर पुरेल की महागडी वॉटरप्रूफ सॅक विकत घ्यावी. माझे स्पष्ट मत असे आहे की सॅक कोरडी ठेवण्याचा नाद सोडावा आणि सॅकमधले सामान कोरडे ठेवावे.

नेमक्या याच गोष्टीवरून एका जुन्या ट्रेकमित्राशी माझा वाद अजून चालू आहे. आम्ही खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने गडावर चाललो होतो. त्याच्या पाठीवर नवी सॅक आणि तिच्या मापाचे रेनकव्हर होते, तर माझ्या जुन्या सॅकमध्ये जाड पॉलिथिनची मोठी पिशवी अस्तरासारखी घातलेली होती आणि तिच्यावरून त्याने मला वाटभर ऐकवले. खिंडीपर्यंत झाडीचा आडोसा होता. वरच्या कातळटप्प्यावर मात्र पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येऊ लागला आणि कव्हरची कड पुन्हा पुन्हा सुटू लागली. संध्याकाळी देवळाजवळच्या गुहेत त्याने कव्हर काढले, तेव्हा त्याच्या तळाशी पाणी साचलेले होते आणि सॅकमध्ये सर्वांत खाली ठेवलेली स्लीपिंग बॅग अक्षरशः पिळावी लागली. अंगावरचे कपडेही ओले असल्यामुळे तो कुडकुडत होता. शेवटी माझे कोरडे कपडे त्याने घातले आणि माझे एकच पांघरूण आम्ही दोघांनी रात्रभर पुरवले. कव्हर हलक्या दर्जाचे निघाले, एवढेच तो आजही म्हणतो.

दोष दर्जाचा नव्हता. कोणतेही रेनकव्हर सॅकची पाठीकडची बाजू झाकत नाही, कारण तिथे पट्टे असतात. मानेवरून ओघळणारे पाणी पाठीच्या गादीत मुरते, तिथून खाली उतरते आणि कव्हरमध्येच अडकते. वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सॅकचे कापड पाणी अडवते, पण शिवणीतली सुईची भोके आणि चेन अडवत नाहीत. शिवाय कापडाच्या आतला, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट कपाटात काही वर्षांत चिकट होऊन सुटू लागतो.

म्हणून सॅकमध्ये जाड पॉलिथिनची पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरावे, हवा दाबून काढावी, तोंड पिळून दुमडावे आणि रबराने बांधावे. रात्रीचे कपडे आणि स्लीपिंग बॅग त्यातही वेगळ्या पिशवीत असावीत. विजेरी, खाऊ आणि पाणी बाहेरच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे भर पावसात मुख्य पिशवी उघडावी लागत नाही. ओले जॅकेट त्या पिशवीत कधीही कोंबू नये.

कव्हर अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. चिखलापासून आणि काट्यांपासून ते सॅकला वाचवते आणि स्टेशनपासून कार्यालयापर्यंतच्या चालीला पुरतेही. तसेच राफ्टिंगला वापरतात ती, सांधे शिवण्याऐवजी वितळवून जोडलेली आणि तोंडाला तीन घड्या घालायची पिशवी खरोखर पाणी आत येऊ देत नाही, परंतु ती पाठीवर घेऊन गड चढणे त्रासाचे असते. तरीही कव्हर घ्यायचेच असेल, तर तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोक आहे का, हे दुकानातच पाहावे. माझ्या मित्राच्या कव्हरला ते नव्हते आणि असते तरीही पाठीकडून उतरलेले पाणी त्याच्या स्लीपिंग बॅगेतून गेल्यावरच त्या भोकापर्यंत पोहोचले असते.