मे महिन्यातला रिकामा गल्ला

उन्हाळा लागला की धंद्यावरचं मन उडतं, अशी पत्रं एप्रिलपासून येऊ लागली. त्यांतले तीन प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझी महाविद्यालयाजवळ मेस आहे. परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात आणि 70 माणसांची 20 उरतात. दीड महिना असाच जातो. भाडं 18,000, दोन मदतनीस बायकांचा पगार 24,000, वीज-पाणी 4,000. ताट 90 रुपयांना देते, त्यात किराणा, भाजी, गॅस मिळून 50 जातात. पहाटे 5 ला उठून कणीक मळायला हातच चालत नाहीत. मे महिना बंद ठेवू का? — मेसचालिका, पुणे

उत्तर : ताई, कुलूप लावण्याआधी कागदावर हिशेब मांडा. ताटामागे तुमच्या हातात 40 रुपये राहतात. 20 माणसं, दोन वेळा, महिन्याचे 26 दिवस म्हणजे 1,040 ताटं आणि 41,600 रुपये. बांधील खर्च 46,000. म्हणजे मेस चालू ठेवून महिन्याला 4,400 रुपयांची तूट येते. बंद ठेवलीत तर भाडं सुटत नाही. पगार थांबवला तर त्या बायका जूनमध्ये दुसऱ्या मेसमध्ये लागलेल्या असतात, आणि पुण्यात पोळीला चांगला हात असलेली बाई पुन्हा मिळवणं किती कठीण आहे हे तुम्हाला सांगायला नको. पगार चालू ठेवून बंद केलीत तर विजेचे थोडे वाचतील, बाकी सगळा खर्च तुमच्या अंगावर. त्यामुळे चालूच ठेवा.

खरी अडचण घरखर्चाची आहे. घराला महिन्याला 25,000 लागतात असं धरलं तर एकूण तूट 29,400 होते, दीड महिन्याची 44,100. ही रक्कम मे महिन्यात उभी करायला गेलं की जीव घाबरा होतो आणि त्यालाच आपण ‘कामात मन लागत नाही’ म्हणतो. हंगामाच्या 9 महिन्यांत ती विभागली तर महिन्याला 4,900 पडतात, दिवसाला सुमारे 190 रुपये. जुलैपासून रोज रात्री गल्ला मोजताना तेवढे वेगळ्या खात्यात टाका. खातं घरखर्चाच्या खात्याहून वेगळंच हवं, नाहीतर गणपती-दिवाळीत त्याला हात लागतो. यंदा ती शिल्लक नसेल तर घरमालकाशी एप्रिलमध्येच बोला आणि मेचं निम्मं भाडं जुलै-ऑगस्टमध्ये विभागून द्यायची परवानगी मागा. भाडं थकल्यावर मागितलेली सवलत मिळत नाही, आधी मागितलेली बऱ्याचदा मिळते.

आता पहाटेबद्दल. 20 माणसांना तीन-तीन पोळ्या म्हणजे 60 पोळ्या, त्याला 2 किलो कणीक पुरते. त्यासाठी 5 ला उठायचं कारण नाही, साडेसहा पुष्कळ झाले. 70 माणसांचं वेळापत्रक 20 माणसांसाठी पाळलं की रिकामे तास वाढतात, आणि रिकाम्या तासांनी माणूस जास्त थकतो. मदतनीस बायकांना एकीला सकाळ, दुसरीला संध्याकाळ द्या आणि पालटून गावी जायला आठ-आठ दिवस सुट्टी द्या. हाताला 70 जणांच्या मापाची सवय असते, म्हणून मेमध्ये वरण-भाजी हमखास जास्त होते आणि उकाड्यात दुपारीच आंबते. डाळ-तांदूळ अंदाजाने न घेता वाटीने मोजून घ्या. दोन्ही वेळचं वरण एकदम शिजवू नका.

जादा विक्रीसाठी एकच गोष्ट निवडा. आमच्या मते तुमच्यासाठी रविवारची आमरस-पुरी सगळ्यांत सोपी आहे. मध्यम आकाराच्या 1 डझन हापूसमधून साधारण दीड किलो रस निघतो, म्हणजे 150 ग्रॅमच्या 10 वाट्या. हापूस परवडत नसेल तर केशर घ्या. शुक्रवारी रात्रीपर्यंत निम्मे पैसे आगाऊ घेऊनच नोंद करा आणि शनिवारी तेवढेच आंबे आणा. सगळी पेटी एकदम पिकते आणि दोन दिवसांत डागाळते, नुकसान तिथेच होतं. रस वाढायच्या तासाभर आधी काढा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा, फार आधी काढला तर काळपट पडतो. याच महिन्यात पापड, कुरडया, लोणचं आणि डबे असं सगळं एकदम सुरू करू नका. पाचही अर्धवट राहिले की उरलीसुरली उमेद जाते.

प्रश्न : माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, वर पत्रा. दुपारी 1 ते 5 गिऱ्हाईक नाही, पण दुकान सोडवत नाही. संध्याकाळी गर्दी होते तेव्हा अंगात त्राण नसतं, चिडचिड होते. — दुकानदार, अकोला

उत्तर : अकोल्यात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. पत्र्याखाली चार तास बसून संध्याकाळी उत्साह राहावा अशी अपेक्षा शरीराकडून करू नये. तुमच्यात आळस शिरलेला नाही, शरीर तापलं आहे. सकाळी 8 ते 1 आणि संध्याकाळी साडेपाच ते 9 असं दुकान ठेवा, पाटी लावा आणि ती वेळ रोज पाळा. एक दिवस दुपारी उघडं आणि एक दिवस बंद असलं की गिऱ्हाईक दोन्ही वेळा तुटतं. तातडीच्या कामासाठी शटरवर फोन नंबर पुरतो.

पत्र्यावर चुना मारा. 1 किलो चुना 3-4 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात साधारण 100 ग्रॅम फेविकॉल घालायचं आणि संध्याकाळी पत्रा निवल्यावर दोन हात द्यायचे. तापलेल्या पत्र्यावर मारला तर लगेच सुकून पोपडे निघतात. पावसात बराचसा धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी मारावा लागतो.

कूलर आत ठेवला असेल तर बाहेर न्या. आतलीच दमट हवा तो फिरवत राहिला तर घाम सुकत नाही. मागची बाजू बाहेरच्या कोरड्या हवेत हवी आणि समोर हवा निघून जायला शटर थोडं उघडं हवं. विदर्भात हवा कोरडी म्हणून कूलर चालतो, कोकणात तोच कूलर निरुपयोगी. जाळीतल्या गवतावर क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर ते बदला.

उधारी वसुलीचे फोन, कंपनीशी भांडण, हिशेब ही डोक्याची कामं 11 च्या आत. संध्याकाळी फक्त विक्री. ताक मीठ घालून, पाणी तहान लागण्याआधी. रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. दुकानातल्या मुलाला चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला, अंग तापून लाल झालं तर वाट पाहू नका. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : माझं उलटं आहे. शाळेचे गणवेश शिवतो, उन्हाळ्यातच काम अंगावर येतं. जून आला की मशीनकडे बघवत नाही. — शिंपी, सातारा

उत्तर : शाळा उघडायच्या तारखेपासून मागे मोजा. समजा 240 शर्ट, दोन मशीन, मशीनमागे दिवसाला 6, म्हणजे शिलाईचे 20 दिवस. काज-बटणाला 3 आणि वीज जाण्यासाठी 2 धरले की 25. रविवार सोडले तर 15 जूनसाठी 17 मेला कटिंग सुरू झालंच पाहिजे. 240 वर वही बंद करा. 241 वा शर्ट ‘बघू’ म्हणून घेतला की बाकीच्यांच्या तारखा हलतात आणि जूनभर पालकांची बोलणी ऐकावी लागतात. मापं घेताना मुलगा यायला हवा, जुना शर्ट नको. उन्हाळ्यात मुलं वाढतात आणि दुरुस्तीचं फुकट काम तिथूनच येतं. खाली दीड-दोन इंच दुमड ठेवा.